क्षमा मनात, अर्ज मुदतीत

औशाच्या बाजारपेठेतील कोणत्याही पेढीवर विचारले, तर उधारीच्या दाव्याची मुदत मुनीमजीही सांगतील: तीन वर्षे. मात्र घरातील कर्ता पुरुष रस्ते अपघातात दगावला, तर त्याच्या पत्नीने व मुलांनी नुकसानभरपाईचा अर्ज किती दिवसांत करावयाचा, हे पेढीच्या मालकालाही बहुधा ठाऊक नसते. ती मुदत अवघी सहा महिन्यांची आहे.

या अज्ञानाला कारण आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आरंभी सहा महिन्यांची मर्यादा होती आणि सबळ कारण असल्यास ती वर्षापर्यंत वाढवून मिळे. १९९४ च्या दुरुस्तीने ही अट काढून टाकली. त्यानंतर सुमारे सत्तावीस वर्षे मुदतच नव्हती; ‘दाव्याची घाई नाही’ ही वडीलधाऱ्यांची समजूत त्या काळातील आहे. २०१९ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली आणि सहा महिन्यांची अट परतली. या वेळी विलंब माफ करण्याची तरतूदही त्या कलमात ठेवलेली नाही. या अटीला आव्हान दिले गेले असून, केवळ मुदत टळली म्हणून अर्ज फेटाळू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितले. परंतु तो आदेश अंतरिम आहे. त्याच्या भरवशावर थांबणे शहाणपणाचे नव्हे.

हे सहा महिने अपघाताच्या दिवसापासून मोजले जातात. जखमी चार महिने रुग्णालयात राहून मग दगावला, तरी कुटुंबाच्या हाती उरतात दोनच महिने.

दुसरा गैरसमज स्थळाचा. कुंथलगिरीच्या यात्रेहून परतताना धाराशिव जिल्ह्यात अपघात झाला, तर दाव्यासाठी तिकडेच खेटे घालावे लागतील, असे अनेकांना वाटते. कायद्याने अर्जदाराला आपल्या राहत्या किंवा व्यवसायाच्या ठिकाणच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्याची मुभा दिली आहे. औशाच्या कुटुंबाला लातूरला दावा करता येतो. स्त्रिया व मुलांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

भरपाई मोजताना मृताचे वार्षिक उत्पन्न पाहिले जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निर्णयानुसार चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी व्यक्तीच्या उत्पन्नात भावी वाढीपोटी ४० टक्के रक्कम मिळविली जाते. पण मूळ उत्पन्नाचा मुख्य आधार असतो तो आयकर विवरणपत्राचा. जे उत्पन्न तेथे कधी दाखविलेच नाही, ते नंतर सिद्ध करणे जड जाते. सचोटीने भरलेले विवरणपत्र अशा वेळी मुलांच्या कामी येते. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर मृत्यूसाठी दोन लाख व गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपयांची वेगळी योजना आहे. तिचा अर्ज अपघातस्थळाच्या उपविभागीय अधिकारी वा तहसीलदारांकडे करावयाचा असतो.

जैन घरात मात्र आणखी एक अडसर असतो आणि तो कायद्याचा नाही. ‘गेलेल्या माणसाचे पैसे कसे मागायचे? त्या चालकाचे अहित आपण कशाला चिंतायचे?’ हा प्रश्न खऱ्या करुणेतून येतो. त्याची थट्टा होऊ नये. परंतु भरपाईचा दावा म्हणजे शिक्षेची मागणी नव्हे. फौजदारी खटला वेगळा चालतो. वाहनाचा तृतीय पक्ष विमा कायद्याने सक्तीचा आहे, तो याच प्रसंगासाठी, आणि बहुतेक वेळा रक्कम विमा कंपनी देते. चालकाला अंतःकरणाने क्षमा करावी. मात्र अल्पवयीन मुलांच्या शिक्षणाचा आणि त्यांच्या आईच्या उदरनिर्वाहाचा हक्क सोडून देण्याचा अधिकार चुलत्यालाही नाही आणि आजोबांनाही नाही.

शोकाच्या घरात कागदपत्रांचा विषय काढणे कठीण असते. म्हणूनच ते काम जवळच्या एखाद्या आप्ताने अंगावर घ्यावे. सुतक संपताच त्याने प्रथम खबर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, धडक देणाऱ्या वाहनाच्या विम्याचा तपशील आणि विवरणपत्रे एकत्र करावीत. वहीच्या पहिल्या पानावर अपघाताची तारीख लिहावी आणि तिच्याखाली सहा महिने पूर्ण होण्याची तारीख.