करमतंय का?

नालासोपारा पूर्वेला आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर एक काकी राहतात. गाव मालवण तालुक्यातलं. यजमान गेले तेव्हा मुलाने घराला कुलूप लावलं आणि आईला इकडे आणलं. मुलगा-सून सकाळी सहाला बाहेर पडतात, परतायला रात्रीचे नऊ होतात. काकींनी ऑइलपेंटच्या रिकाम्या डब्यात तुळस लावली, ती खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवली आहे. दिवसभर दार उघडं ठेवायची गावची सवय. शेजाऱ्यांनी चोरांची भीती घातली, दार बंद झालं आणि काकींचं जेवण कमी होत गेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, दोष काही निघाला नाही. काकींना विचारलं तर म्हणतात, "माका हयसर गमणा नाय."

गमत नाही, करमत नाही. हे दुखणं सांगायला आपल्याकडे इतका साधा शब्द आहे, पण आपण तो दुखणं म्हणून ऐकत नाही. "सवय होईल" म्हणतो आणि कामाला लागतो. लहान पोराला ताप आला तर रजा टाकतो. म्हातारी आई करमत नाही म्हणाली, तर तिला टीव्ही लावून देतो. हे चुकतंय, असं मला मनापासून वाटतं.

काकी एकट्या नाहीत. नालासोपारा ज्यात येतं ती वसई-विरार महापालिका 2009 साली झाली. 2011च्या जनगणनेतच इथली लोकसंख्या 12 लाखांवर गेली होती. 1982च्या गिरणी संपानंतर गिरणगावात चूल पेटेना म्हणून आलेले, लालबाग-परळच्या चाळीतली खोली विकून वन रूम किचन घेतलेले, कोकणातले, घाटावरचे, उत्तरेकडचे. इथल्या जवळजवळ प्रत्येक जिन्यावर कुठून तरी उठून आलेलं घर आहे. या माणसांची चर्चा होते ती पाणी किती लागेल आणि गाडीत किती मावतील एवढीच. चर्चगेट ते विरार 60 किलोमीटर. रोज त्या गाडीला लटकणाऱ्याला शेजाऱ्याचं नाव कळायला वर्ष जातं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रेल्वेच्या पश्चिमेला वाडवळ, सामवेदी, कोळी यांची जुनी गावं आहेत. तिथे वाडीला पाणी देणारं तळं, म्हणजे बावखल, बुजवून त्यावर इमारत उभी राहिली, तर त्या वाडीतल्या माणसालाही करमत नाही, आणि तो तर कुठे गेलेलाच नसतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती झाडा-पाण्यासाठी रस्त्यावर उतरले, त्यामागे हीच जिवाची तगमग होती. आज दोन्हीकडची माणसं एकमेकांना दोष देतात. "बाहेरच्यांनी वाट लावली," हे एकीकडे. "इथले लोक आपलं म्हणत नाहीत," हे दुसरीकडे. मधे एक रेल्वेपूल आहे. पूर्वेची कित्येक मुलं दहावी होईपर्यंत पश्चिमेची पानवेल बघत नाहीत.

काकींना पहिली ओळख मिळाली ती मासळीवालीची. अर्नाळ्याहून येते. काकींनी सुंगटं मागितली, तिने कोलंबी पुढे केली, आणि नावावरून दोघींचं बोलणं अर्धा तास रंगलं. कार्तिकात तिच्याच सांगण्यावरून आम्ही काकींना निर्मळच्या जत्रेला नेलं. राजेळी केळी उन्हात सुकवून केलेली सुकेळी त्यांनी हातात घेऊन दाबून पाहिली, वास घेतला, दोन पुड्या घेतल्या. एक मासळीवालीसाठी. त्या रात्री त्या पोटभर जेवल्या, असं सून म्हणाली.

आणि आम्ही काय केलं? जिन्याखालचं सिमेंटचं बाकडं, जिथे काकी संध्याकाळी बसायच्या, ते दुचाक्यांना जागा हवी म्हणून तोडलं. सभेत हात वर करणाऱ्यांत मीही होतो. आता येत्या रविवारच्या सभेत बाकडं परत बांधण्याचा विषय मी लेखी दिला आहे. दोन गाड्यांची जागा जाईल. त्यातली एक माझी आहे.