अर्थिंगच्या खड्ड्याआधी बोर्ड पाहा

२०१९ची पीएम-कुसुम आणि त्यानंतरची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या योजनांमुळे बाभुळगावसारख्या तालुक्यांत, बेंबळा प्रकल्पाच्या कालव्यापासून दूरच्या शिवारांतही, सौरपंपाचा कंट्रोलर ही आता ओळखीची वस्तू आहे. मोटर सुरू होताच तो रीसेट होऊ लागला की सल्ला ठरलेला: अर्थिंग करा, खड्ड्यात मीठ-कोळसा टाका, पाणी घाला. शॉक आणि आकाशातली वीज यांसाठी अर्थिंग हवेच, उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या काळ्या मातीत तर जास्तच. पण रीसेटचे मूळ बहुधा तिथे नसते.

हिशोब करून पाहा. सरळ तारेचे इंडक्टन्स मीटरमागे साधारण १ मायक्रोहेन्री. म्हणजे १० मीटरची अर्थिंगची तार १० मेगाहर्ट्झला ६०० ओहमहून अधिक अडथळा देते. मग मातीचा रेझिस्टन्स २ ओहम असो की २०, आयजीबीटीच्या स्विचिंगमधून उठणाऱ्या अशा मेगाहर्ट्झच्या नॉइजला फरक पडत नाही. (मोटरच्या लांब केबलमधून मातीत उतरणारा कॉमन-मोड करंट हा वेगळा विषय आहे.)

बोर्डावरचा लूप पाहा: डीसी बसचा कपॅसिटर, वरचा आयजीबीटी, खालचा आयजीबीटी आणि पुन्हा कपॅसिटर. या वाटेवर ४ सेंटीमीटर ट्रॅक म्हणजे सुमारे ४० नॅनोहेन्री. १० अँपिअर ४० नॅनोसेकंदांत तुटले की त्या तुकड्यावर १० व्होल्ट उसळतात. तोच तुकडा मायक्रोकंट्रोलरच्या ग्राउंडलाही सामाईक ठेवला, तर ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या चिपने टिकावे कसे?

परतीचा करंट कमी फ्रिक्वेन्सीला ग्राउंड प्लेनभर, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या सलग थरभर, पसरतो. काही शे किलोहर्ट्झच्या वर मात्र तो ट्रॅकच्या थेट खालून परततो, कारण तिथे लूप सर्वांत लहान असतो. ॲनालॉग आणि डिजिटल ग्राउंड वेगळे ठेवायचे म्हणून प्लेन कापला आणि त्या फटीवरून ट्रॅक नेला, की करंटला वळसा पडतो. लूपचे उत्सर्जन क्षेत्रफळाच्या प्रमाणात आणि फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आमचे मत स्पष्ट आहे: आयसोलेशनची गरज नसेल तर प्लेन कापू नये, भाग नीट मांडावेत. डबल लेयर बोर्डावरही खालची बाजू शक्य तेवढी अखंड ठेवता येते, त्याला जादा खर्च लागत नाही.

रब्बीत हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस मोजके असतात. तेव्हा पंप बंद राहिला तर नुकसान शेतकऱ्याचे होते, डिझाइन करणाऱ्याचे नव्हे. म्हणून गर्बर फाइल पाठवण्याआधी प्रत्येक वेगवान ट्रॅकचा परतीचा मार्ग प्रिंटवर पेनने गिरवा. तो मध्येच तुटत असेल, तर बोर्ड पाठवू नका.