बीजगोळे गवताचे करा

पहिला पाऊस झाला की कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज पडतोच: 'रविवारी सकाळी सातला, सीड बॉल टाकायला.' टेकडीवर जायचं, गोळे भिरकवायचे, रील करायची, एनएसएसच्या डायरीत तास भरून घ्यायचे. गोळ्यात काय असतं? चिंच, कडुलिंब, हौसेनं एखादा गुलमोहर. कुणी जांभूळही घालतं. जांभळाचं बी वाळलं की मरतं, त्यामुळे सुकवलेल्या गोळ्यातून ते उगवायची आशा फार नाही.

आता आपल्या मुरुडकडे बघू. (जंजिऱ्याचं नव्हे, लातूर-बार्शी रस्त्यावरचं.) हे बालाघाटचं पठार. जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे तुम्हाला आठवत असेलच. पण त्याच वर्षी जनावरं चारा छावणीत बांधली होती, ते किती जणांच्या लक्षात आहे? ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली तसा घरचा कडबा आटला. ज्याच्याकडे चार शेळ्या आणि एखादी देवणी गाय आहे, पण शेत नाही, त्याला उरतं फक्त गायरान. आणि गायरानावर उरलंय काय, तर मुरूम, गाजरगवत आणि जनावर तोंड लावत नाही अशी कुसळं.

म्हणून म्हणणं एवढंच, की गोळे करायचेच असतील तर गवताचे करा. ही युक्ती जगभर पोचवणारे जपानी शेतकरी मासानोबू फुकुओका स्वतःच्या शेतात मातीच्या गोळ्या करायचे त्या भाताच्या आणि सातूच्या, म्हणजे गवताच्याच कुळातल्या पिकांच्या. गवताचं बी हलकं असतं. नुसतं फेकलं तर वाऱ्यावर उडतं, मुंग्या ओढून नेतात, पाखरं टिपतात. मातीचं चिलखत लागतं ते त्यालाच. केनियात तर चराऊ रानांसाठी गवताचं बी कोळशाच्या भुकटीत गुंडाळून टाकतात.

आपल्याकडे पवन्या, मारवेल, अंजन, डोंगरी ही जनावरांच्या आवडीची गवतं आहेत. जोडीला स्टायलो घेता येईल. ते द्विदल आहे, जमिनीला नत्र देतं. त्याचं बी मात्र टणक सालीचं, आधी काही मिनिटं गरम पाण्यात काढावं लागतं. गोळा लाडवाएवढा करू नका. बारीक बी आत खोल गाडलं गेलं तर कोंब बाहेर येत नाही. हरभऱ्याएवढा, फार तर गोटीएवढा पुरे. नुसती काळी माती वाळताना तडकते, म्हणून चाळलेलं शेणखत मिसळा आणि सावलीत वाळवा. आणि प्लीज, भिरकावू नका! कडक मुरमावर पडलेला गोळा पहिल्याच सरीत वाहून ओढ्यात जातो. कुदळीनं उताराला आडवी चरी ओढा, दगडाच्या आडोशाला ठेवा. आपल्याकडे पावसाचा खंड ठरलेलाच असतो. मृगाच्या एका सरीवर फसून उगवलेला कोंब पंधरा दिवसांत करपतो, तेव्हा जमीन नीट भिजेपर्यंत थांबा.

इथपर्यंत सोपं आहे. अवघड भाग पुढचा.

गायरान रिकामं दिसतं म्हणून ते बेवारस नसतं. मराठवाड्यात कित्येक भूमिहीन, बहुतेक दलित कुटुंबांनी ते कसून पोट भरलंय. १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो याच प्रश्नावर. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय राज्य सरकारनं १९९१ मध्ये घेतला. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. आपली बस भरून पोरं 'हरित गायरान'चा बॅनर घेऊन उतरली, की तिथं कसणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, तो यामुळे. आधी ग्रामपंचायतीत जाऊन विचारा की कुठला तुकडा कोण कसतं, कोण चारतं.

दुसरं, राखण. हिवरेबाजारला गवत परत आलं ते पाणलोटाच्या कामांमुळे आणि गावानं चराईबंदी पाळली म्हणून. कापून न्यायला मोकळीक, मोकाट चारायला बंदी. बंदी घालणं सोपं वाटतं, पण त्याची किंमत दोन शेळ्यांवाली बाईच मोजते. त्यामुळे सगळं गायरान बंद करायची भाषा नको. एक तुकडा दोन पावसाळे बंद, बाकी उघडा, आणि बंद तुकड्यातलं कापलेलं गवत आधी तिच्या दारात. हे ठरवायला ग्रामसभेत बसावं लागेल. रील नाही होणार त्याची.

आणि बी आणायचं कुठून? पवन्या, मारवेल अजून टिकून आहेत ते जिथं जनावराचं तोंड पोचत नाही तिथं: बांधाच्या काटेरी कुंपणात, रेल्वेच्या हद्दीत, स्मशानाच्या कडेला. बी पिकतं ऑक्टोबर-नोव्हेंबरात. ताजं बी लगेच नीट उगवतही नाही, काही महिने कापडी पिशवीत पडून राहिलेलं बरं. म्हणजे पुढच्या जूनची तयारी दिवाळीच्या सुट्टीत सुरू होते. जाताना शेळ्या राखणाऱ्या एखाद्या आजीला बरोबर घ्या. पुस्तकातलं नाव तिला ठाऊक नसेल, पण जनावर आधी कुठल्या गवताला तोंड लावतं ते ती लांबून दाखवेल.