आपल्या पडद्याचा मालक कोण?

घरांतील मुलगा लिनक्सवर नवनवे प्रोग्राम चालवून पाहूं लागला, कीं वडील मंडळींच्या कपाळाला आठी पडते. आज खालची पट्टी वर नेली, उद्यां अक्षरांचा आकार बदलला, परवां लेखनाचा एक प्रोग्राम काढून दुसरा बसविला. हा सारा रिकामटेकड्यांचा उद्योग होय, असा त्यांचा अभिप्राय असतो. संगणक शिकावयाचा तो नोकरीसाठीं, तेव्हां कचेऱ्यांतून जें चालतें तेंच शिकावें, हें त्यांचें सूत्र. वरवर पाहतां हें बोलणें व्यवहाराचें वाटतें. परंतु ज्यास ही मंडळी खेळ म्हणतात त्यांतच शिक्षण आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत, घाटावर काय किंवा घाटाखालीं काय, बैलाची तिफण असो वा ट्रॅक्टरचें पेरणीयंत्र, जमीन आणि पीक पाहूनच शेतकरी दोन ओळींतील अंतर ठरवितो. त्याला कोणी रिकामटेकडा म्हणत नाहीं. अवजार कामाला जुळवून घेणें हें शेतांत शहाणपण. आणि त्याच शेतकऱ्याचा मुलगा चिखलीस किंवा खामगांवास संगणकापुढें बसला, कीं तोच अपराध! हा न्याय कोणता?

हेलसिंकी येथील विद्यार्थी लायनस टोरवाल्ड्स यानें १९९१ सालीं लिनक्सचा गाभा रचला. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाची त्यास जोड मिळाली. या चळवळीचें तत्त्व चार शब्दांत सांगतां येतें: वापरा, तपासा, बदला, वाटा. त्यामुळेंच एका लिनक्सवर केडीई, ग्नोम, एक्सएफसीई असे निरनिराळे डेस्कटॉप नांदतात. एक न रुचला तर दुसरा घ्यावा; त्याची पट्टी, त्याच्या याद्या आपल्या सवयीप्रमाणें मांडाव्या. पेनड्राइव्हवरून नुसता चालवून पाहिला, तर मूळ प्रणालीस धक्काही लागत नाहीं. लेखनास लिब्रेऑफिस, चित्रास गिंप वा इंकस्केप. दाम कशासही पडत नाहीं. असें करतां करतां प्रोग्राम कोठून येतो आणि कोणत्या आज्ञेनें काय घडतें, हें मुलास कळूं लागतें. मराठी यादींतील एखादा शब्द खटकला, तर तो सुधारून अनुवादकांकडे पाठविण्याची मुभाही त्यास आहे.

उलट, ठरलेल्या जागचें बटण दाबावयास शिकलेल्यांची काय स्थिति? मायक्रोसॉफ्टनें ऑफिस २००७ मध्यें जुन्या याद्या मोडून नवी पट्टी आणली, तेव्हां पाठांतर केलेल्यांस पुन्हा पहिल्यापासून धडे गिरवावे लागले. बदल कोणी विचारून केला नव्हता. आतां १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ही प्रणाली टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मागते, आणि पुष्कळ जुन्या यंत्रांत ती नाहीं. म्हणून शाळांतील चालतीं यंत्रें भंगारांत घालावयाचीं काय? एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप तीं आणखी कित्येक वर्षें चालवूं शकेल. परंतु बसवून पाहण्याचें धाडस ज्याच्या अंगीं रुजूं दिलें नाहीं, तो तें करणार कसा? केरळ राज्यानें आपल्या सरकारी शाळांतील संगणकशिक्षण कित्येक वर्षें लिनक्सवर चालविलें आहे. तेथील मुलें त्यामुळें नोकरीस मुकलीं, असें आक्षेपकांनीं दाखवून द्यावें.

आक्षेपांत तथ्य मुळींच नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याचा जमाखर्च टॅलीवर आहे, त्या दुकानदारानें घाई करूं नये. तो प्रोग्राम विंडोजसाठींच रचलेला आहे. तसेंच रात्रभर पडद्याचे रंग बदलून एकही ओळ न लिहिणारा मुलगा दोषीच होय. पण शाई सांडते म्हणून कोणी मुलाच्या हातांतून लेखणी काढून घेत नाहीं. सांडूं नये कशी, तें शिकवितो.

पालकांस एवढेंच सांगणें आहे: आठवड्यांतून एक दिवस तरी घरचा संगणक मुलांच्या स्वाधीन करा. त्यांनीं पडदा उलटासुलटा केला तर रागावूं नका. तो पुन्हा सरळ कसा केला, तेवढें मात्र त्यांच्याकडून समजून घ्या. नोकरीस लागणारीं बटणें पुढें चार दिवसांत शिकतां येतील. यंत्राची भीति एकदां मनांत बसली, तर ती चार वर्षांतही निघणार नाहीं.