होडीची चकाकी आणि खाडीतील कालवे

दरवर्षी १ जूनला पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीबंदी सुरू होते आणि ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक नौका किनाऱ्याला लागलेल्या असतात. ख्रिस्तसभा जुलैचा दुसरा रविवार ‘सागर रविवार’ म्हणून पाळते, तो नेमका याच दिवसांत येतो. मंदिरात दर्यावर्दींसाठी प्रार्थना होत असते आणि किनाऱ्यावर त्यांच्या होड्या ताडपत्रीखाली उभ्या असतात. त्या होड्यांकडे जरा जवळून पाहावे म्हणून हा लेख. जुन्या फायबरच्या होडीची गेलेली चकाकी परत कशी आणावी, हा विषय एखाद्या धर्मप्रांतीय पानावर किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याचे एक टोक कोळ्याच्या खिशाशी व दुसरे आपल्या ताटाशी बांधलेले आहे, हे वाचकांच्या ध्यानात येईल अशी आशा आहे.

आम्ही पनवेलच्या खाडीचे उदाहरण घेत आहोत. पनवेल म्हटले की आज महामार्ग, रेल्वे स्थानक आणि विमानतळ आठवतो. एकेकाळी मात्र हे बंदर होते. १८३० साली बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा मुंबईचा प्रवासी होडीने पनवेलला उतरे आणि तेथून घाट चढून पुण्यास जाई. १८६३ मध्ये लोहमार्ग घाट चढला आणि बंदराची रया गेली. खाडी राहिली, खाडीवर जगणारा कोळी समाज राहिला. हा समाज बहुतांशी एकवीरा आईचा भक्त आहे. आमच्या उत्तन, पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा येथील ख्रिस्ती कोळी बांधवांचा धर्म निराळा असला, तरी होडी, जाळे आणि भरती-ओहोटी यांत काहीच फरक नाही. म्हणूनच पनवेलचा प्रश्न आपलाही आहे.

पूर्वीची होडी लाकडाची. तिला दर वर्षी तेलपाणी करावे लागे, फटी बुजवाव्या लागत, फळी कुजली तर बदलावी लागे. लाकूड महागले, जाणते सुतार कमी झाले आणि फायबरची होडी आली. ‘एकदा घेतली की चिंता मिटली’ असे तेव्हा अनेकांना वाटले. ते खरे नव्हते. फायबरच्या होडीचे अंग म्हणजे काचेच्या तंतूंचे थर आणि त्यांना बांधून ठेवणारे रसायन. या थरांवर बाहेरून एक रंगीत, गुळगुळीत कातडी चढवलेली असते. तिला जेलकोट म्हणतात. ही कातडी साधारण अर्धा मिलीमीटर जाडीची असते. होडीची चकाकी तिच्यातच असते आणि आतील थरांना पाण्यापासून पहिले संरक्षण तिचेच.

कोकणच्या उन्हात, खाऱ्या हवेत ही कातडी हळूहळू झिजते. सूर्याच्या अतिनील किरणांनी वरचा थर तुटतो, त्यावर सूक्ष्म खड्डे पडतात आणि प्रकाश नीट परावर्तित न होता विखुरतो. निळी होडी राखाडी दिसू लागते, लाल होडी गुलाबी. हात फिरवला तर तळहाताला खडूसारखी भुकटी लागते. कोणी डिझेलचा बोळा फिरवतात. रंग घटकाभर उजळतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा जैसे थे. शिवाय ते डिझेल शेवटी पाण्यातच जाते.

खरा उपाय अवघड नाही, पण कष्टाचा आहे. प्रथम गोड्या पाण्याने व सौम्य साबणाने मीठ, शेवाळ आणि तेलकटपणा काढावा. मग ओल्या अंगाकडे पाहावे. पाणी असेपर्यंत जुना रंग जिवंत दिसत असेल, तर कातडी अजून शाबूत आहे आणि नुसत्या घासण्याने काम होईल असे समजावे. भुकटी वरवरची असेल तर रबिंग कंपाऊंड पुरते. मशीन असल्यास ते कमी वेगाने व सतत हलते ठेवावे, एका जागी दाबून धरल्यास उष्णतेने कातडी जळते. झीज खोल असेल तर वॉटर पेपर घ्यावा लागतो. आधी ८०० नंबरचा, मग १०००, मग १२००. प्रत्येक वेळी पाणी लावून, आधीचे ओरखडे पुसले जाईपर्यंत. त्यानंतर कंपाऊंड, आणि शेवटी मेणाचे दोन हात. चकाकी घासण्याने येते, ती टिकते मेणाने. आणि मेण आमच्याकडच्या उन्हात फार तर एक हंगाम पुरते. अनेक जण या शेवटच्या पायरीला कंटाळतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा वॉटर पेपर हाती घेतात.

येथेच सावधगिरी हवी. दर घासणीत कातडी थोडी पातळ होते आणि गेलेली जाडी परत येत नाही. तंतूंची जाळी दिसू लागली म्हणजे घासण्याचे दिवस संपले. मग प्रायमर व रंग हाच मार्ग. दोन डब्यांचे मिश्रण करून लावायचे पॉलियुरेथेन रंग टिकाऊ असले, तरी त्यांची वाफ फुप्फुसांना घातक असते. साधा रुमाल तोंडाला बांधून ते काम करणाऱ्या तरुणांना आम्ही पाहिले आहे. ते थांबले पाहिजे.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवी होडी का घेऊ नये, असे सुखवस्तू वाचक विचारील. खाडीत मिळणारी मासळी नव्या होडीचे हप्ते फेडू शकत नाही, हे एक कारण. दुसरे असे की जुनी फायबरची होडी टाकायची कोठे? लाकूड कुजते, चुलीत जाते. फायबर कुजत नाही, आणि जाळले तर विषारी धूर होतो. ती मग खारफुटीत पालथी पडून राहते. फ्रान्सने २०१९ पासून सहलीच्या नौकांची अंतिम विल्हेवाट उत्पादकांच्या जबाबदारीखाली आणली. आपल्याकडे ती जबाबदारी भरतीच्या लाटेवर सोपवलेली आहे. म्हणून जुनी होडी जपणे ही केवळ काटकसर नाही. १९८६ साली गालील सरोवराचे पाणी आटले, तेव्हा दोघा मच्छीमार भावांना चिखलात सुमारे सव्वाआठ मीटर लांबीची एक नौका सापडली. ती प्रभू येशूच्या काळातील असल्याचे तपासांती ठरले. तिच्यात दहाहून अधिक जातींचे लाकूड आढळले, म्हणजे जे हाती लागेल त्याने तिच्या मालकांनी ती पुन्हा पुन्हा दुरुस्त केली होती. पेत्राची होडीही काही निराळी नसावी.

आता मुख्य मुद्दा. घासून काढलेली भुकटी जाते कोठे?

एक साधा हिशेब मांडतो. पंचवीस फूट लांबीच्या होडीच्या दोन्ही बाजू मिळून सुमारे पंधरा चौरस मीटर धरल्या आणि घासताना कातडीचा केवळ एक दशांश भाग निघाला, तरी पाऊण लिटर, म्हणजे वजनाने जवळपास एक किलो प्लॅस्टिकची भुकटी तयार होते. ही एका होडीची, एका वेळची. भेगा बुजवण्यासाठी आतील थर खरवडले तर तिच्यात काचेचे बारीक कणही येतात. होडी उभी असते भरतीच्या रेषेवर. संध्याकाळी पाणी चढते आणि किनारा ‘स्वच्छ’ होतो.

इंग्लंडच्या चिचेस्टर बंदरात ब्रायटन व पोर्टस्मथ विद्यापीठांच्या संशोधकांनी तपासणी केली, ती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथील कालवांत दर किलोमागे काचतंतूंचे ११,२२० पर्यंत कण आढळले आणि शिंपल्यांत २,७४०. नौकांच्या डागडुजीच्या मोसमात प्रमाण अधिक होते. तेथे हौशी लोकांच्या हजारो नौका असतात, पनवेलच्या खाडीत तेवढ्या नाहीत, हे मान्य. परंतु कालव इंग्लंडचे असो वा कोकणचे, ते पाणी गाळूनच जगते आणि पाण्यातील कण त्याच्या अंगात शिरतातच. ओहोटीला चिखलात वाकून कालवे आणि खुबे काढतात त्या आपल्याच घरच्या स्त्रिया. ती प्रथम खातात त्यांची मुले, उरलेली बाजारात आपण घेतो.

यावर एखादा कोळी बांधव आम्हांला सुनावील, ‘फादर, आमच्या एक किलो भुकटीचा हिशेब करता, आणि अख्खी खाडी बुजवली त्याचा?’ त्याचा हा राग रास्त आहे. नवी मुंबई विमानतळ ११६० हेक्टर जमिनीवर उभा राहिला. त्यासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, दहा वस्त्या हलवल्या गेल्या. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले व २५ डिसेंबरला, नाताळच्याच दिवशी, विमाने उडू लागली. त्याआधी २७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने उरण, हनुमान, बेलपाडा आणि गव्हाण या कोळीवाड्यांतील १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई जेएनपीटी, ओएनजीसी व सिडको यांनी द्यावी, असा निर्णय दिला होता. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. यांपैकी गव्हाण पनवेल तालुक्यातलेच. भरावामुळे व खारफुटी गेल्यामुळे मासेमारीची हानी झाली, हे त्या निर्णयाने अधिकृतपणे नोंदवले गेले, याचे मोल पैशापेक्षा कमी नाही.

तेव्हा मोठ्यांना मोकळे सोडून लहानांना उपदेश करावा, असे आमचे म्हणणे नाही. मात्र मोठ्यांनी खाडी बिघडवली म्हणून उरलेली खाडी आपण जपू नये, असेही ठरत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात गरिबांचे दुःख आणि सृष्टीचे दुःख ही वेगळी नाहीत, असे आग्रहाने मांडले होते. पनवेलच्या काठावर ही दोन दुःखे एकाच माणसाच्या अंगावर येतात.

आमच्या मते यात एक भाग शासनाचा व एक आपला. पंतप्रधान मत्स्यसंपदा योजना २०२० पासून आहे. तीत नव्या नौका व जेट्टी यांसाठी तरतूद आहे. जेट्टी बांधताना तिच्याशेजारी भरतीरेषेच्या वर एक पक्का ओटा, त्यावर पत्र्याचे छप्पर, गोड्या पाण्याचा नळ आणि गाळ साठवणारी टाकी एवढे केले, तर होड्या तेथे घासता व रंगवता येतील आणि भुकटी खाडीत जाणार नाही. विमानतळाच्या खर्चापुढे ही रक्कम नगण्य आहे. मच्छीमार सहकारी संस्थांनी ही मागणी लेखी करावी. आमचे धर्मग्रामस्थ जेथे या संस्थांत पदाधिकारी आहेत, तेथे त्यांनी पुढाकार घ्यावा.

ओटा होईपर्यंतही काही करता येते. घासकाम पावसात करू नये. मेअखेर, बंदी लागण्यापूर्वीच्या कोरड्या दिवसांत करावे. एरवीही ओल्या हवेत रसायन नीट सुकत नाही, त्यामुळे हे कामाच्याही सोयीचे आहे. होडी भरतीच्या रेषेवर न ठेवता वर ओढावी, खाली जुनी ताडपत्री अंथरावी, पाणी लावूनच घासावे, मशीन वापरल्यास मास्क लावावा. ताडपत्रीवरचा चिखल वाळवून पिशवीत भरावा आणि नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कचऱ्यात द्यावा. एका होडीमागे जास्तीची मेहनत अर्ध्या दिवसाची.

हंगाम उघडताना आमच्या किनाऱ्यावरील अनेक धर्मग्रामांत धर्मगुरू होड्यांना आशीर्वाद देतात. पताका, फुले, बँड, नव्या रंगाचा वास. मोठा आनंदाचा दिवस असतो तो. यंदा त्या दिवसाच्या आधीच्या रविवारी, मिस्सा झाल्यावर, धर्मग्रामातील होडीमालकांना पाच मिनिटे थांबवून ताडपत्रीची गोष्ट सांगावी, अशी आमची किनाऱ्यावरील धर्मगुरूंना विनंती आहे. ताडपत्रीचा खर्च परवडत नसेल तेथे धर्मग्रामाच्या निधीतून ती घेऊन द्यावी. एक ताडपत्री पाच-सहा होड्यांना पुरते.