काचपेटीतील ब्राह्मी

घरात माशांची काचपेटी आली, की तिच्यासोबत पाणवनस्पतींच्या दोन-चार जुड्याही येतात. त्यांतील एका जुडीकडे पाहून आजी म्हणतात, ‘‘अगं, ही तर ब्राह्मी! नातवाची परीक्षा आली आहे, रोज दोन पाने देत जाऊ.’’ आजींची नजर सहसा चुकत नाही. तरी येथे थोडे थांबणे हिताचे.

मुळात ‘ब्राह्मी’ हे नाव आपल्याकडे दोन वनस्पतींना दिले जाते. एक जलब्राह्मी, म्हणजे बाकोपा मॉनिएरी. दुसरी मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका. चरकसंहितेने मेध्य रसायनांत गणली ती मंडूकपर्णी. पहिलीत बॅकोसाइड, तर दुसरीत एशियाटिकोसाइड हे घटक असतात. त्यामुळे एकीच्या जागी दुसरी सर्रास वापरू नये.

त्यात या दोघींशी साम्य असणाऱ्या वनस्पती मत्स्यालयासाठी विकल्या जातात. जलब्राह्मीची पाने समोरासमोर, बिनदेठाची, मांसल, टोकाशी रुंद व बुडाशी निमुळती असतात. शिरा जेमतेम दिसतात, खोड गुळगुळीत असते आणि फूल पांढरे किंवा फिकट जांभळे येते. तिची अमेरिकेतील बहीण बाकोपा कॅरोलिनियाना. हिची पाने मोठी, बुडाशी रुंद व खोडाला बिलगलेली. शिरा स्पष्ट, कोवळ्या खोडावर लव आणि फूल निळे. पान चुरडताच लिंबासारखा वास आला, तर ती जलब्राह्मी नव्हे.

मंडूकपर्णीचे पान मूत्रपिंडाच्या आकाराचे असून देठ त्याच्या खाचेत जोडलेला असतो. कुंडीत व काचपेटीत मिरवणाऱ्या हायड्रोकोटाइलच्या काही जातींत मात्र देठ छत्रीच्या दांड्याप्रमाणे पानाच्या मध्याशी जोडलेला दिसतो. पण याच कुळातील इतर काही जातींच्या पानांना खाच असतेच. शिवाय पाण्याखाली वाढताना वनस्पतीचे रूप पालटते. पाने पातळ होतात, पेरांतील अंतर वाढते. म्हणून केवळ एका खुणेवर निर्णय देऊ नये. पान, देठ, खोड, वास व फूल या साऱ्यांची साक्ष घ्यावी.

आणि ओळख अगदी अचूक पटली तरीही काचपेटीतील पान पोटात जाऊ देऊ नये. गोगलगायी व माशांचे रोग आवरण्यासाठी त्या पाण्यात तांब्याचे क्षार, मॅलाकाइट ग्रीन यांसारखी द्रव्ये घातली जातात. जलब्राह्मी तर पाण्यातील जड धातू शोषून स्वतःत साठवते. जो गुण पाणी स्वच्छ करतो, तोच येथे खाणाऱ्याला बाधू शकतो.

औषधासाठी ब्राह्मी हवीच असेल, तर खात्रीच्या औषधी रोपवाटिकेतून रोप आणून स्वच्छ मातीत व स्वच्छ पाण्यावर वाढवावे. लहान मुले, गर्भवती स्त्रिया आणि थायरॉइडची किंवा फिट्सची औषधे घेणाऱ्यांनी वैद्यांना विचारल्यावाचून ती घेऊ नये. काचपेटीतील जुडी माशांच्या आसऱ्यासाठीच राहू द्यावी. आजींनी तिच्याकडे कौतुकाने पाहावे, एवढेच.