छतावर बसलेला जवान

एम-११३ या अमेरिकी चिलखती सैनिकवाहू वाहनाची व्हिएतनाम युद्धातली छायाचित्रे शोधून पाहा. वाहन चिखलातून चालले आहे आणि जवान आत नाहीत, छतावर बसलेले आहेत. गोळी अडवणारा पत्रा त्यांच्या खाली आणि ते स्वतः उघड्यावर. तळाशी सुरुंग फुटला की आत बसलेल्यांचे काय होते, हे त्यांनी पाहिलेले होते. म्हणून त्यांनी गोळीचा धोका पत्करला. काही चालकांनी तर सुकाणूच्या दांड्या लांबवून घेतल्या आणि तेही वर बसून गाडी हाकू लागले. वापरणाऱ्याने रचनेवर दिलेला इतका स्पष्ट अभिप्राय आमच्या पाहण्यात दुसरा नाही.

एम-११३ हे उत्तम अभियांत्रिकीचे काम होते, हेही सांगायला हवे. १९६० साली ते अमेरिकी सैन्यात आले आणि सर्व प्रकार मिळून सुमारे ८०,००० वाहने बनली. पोलादाऐवजी ॲल्युमिनियम घेण्यामागचा विचार आजही शिकण्यासारखा आहे. तेवढ्याच संरक्षणासाठी ॲल्युमिनियमचा पत्रा जाड लागतो. पण जाड पत्रा मुळात ताठ असल्याने आतला सांगाडा बराच कमी करता येतो. वजन उतरले. विमानातून नेता येणारे, ट्रॅक फिरवत नदी पोहून जाणारे आणि ११ जवान घेणारे वाहन साधारण बारा टनांत बसले. तळ मात्र सपाट राहिला, जाडी सुमारे २८ मिलिमीटर. आराखडा झाला तेव्हा डोळ्यांसमोर युरोपातले मैदान आणि तोफगोळ्यांच्या कपच्या होत्या. वाटेत पुरलेल्या सुरुंगाचा विचार मागे पडला आणि मग जवान तळावर वाळूची पोती रचू लागले.

जानेवारी १९६३ मध्ये आप बाकच्या लढाईत एम-११३ च्या वरच्या मशिनगनवरचे दक्षिण व्हिएतनामी जवान एकामागून एक पडले, कारण छातीपासून वर त्यांना आडोसाच नव्हता. मग स्थानिक कार्यशाळांनी ढाली बनवल्या. सुरुवातीला बुडालेल्या जहाजांचा पत्रा वापरला. तो मऊ निघाला, गोळी आरपार जाई. तेव्हा मोडीत निघालेल्या चिलखती वाहनांचे पत्रे कापून लावले. पुढे बंदुकीभोवतीचे हे कवच कारखान्यातूनच येऊ लागले. कार्यशाळेतल्या वेल्डरने केलेली दुरुस्ती आराखड्यात पोहोचली, ती अशी.

इतके होऊनही २० जुलै २०१४ रोजी गाझातल्या शुजाइयात एका एम-११३ वर रॉकेट बसले आणि सात इस्रायली सैनिक गेले. इस्रायलकडे तेव्हा टी-५५ रणगाड्याच्या सांगाड्यावरचे अखझारित आणि मेरकावा रणगाड्याच्या सांगाड्यावरचे नामेर, ही दोन्ही जड सैनिकवाहू वाहने होती. पण सगळ्यांना पुरतील इतकी नव्हती. जड वाहन महाग पडते, पुलांवर अडते, पोहत नाही. तरीही त्या सात जणांना कोणते वाहन मिळायला हवे होते, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

आपल्याकडे येऊ. मेदकला १९८७ पासून बनणारे सारथ, म्हणजेच बीएमपी-२, हा आपल्या यांत्रिकी पायदळाचा कणा आहे. त्याच्या मागच्या दारातून आत वाकून पाहा. मधोमध डिझेलची टाकी, तिच्या दोन बाजूंना पाठीला पाठ लावून तीन-तीन जवान, गुडघे भिंतीला टेकलेले. ज्या दारांतून उतरायचे ती दारेही पोकळ; त्यांतही इंधन. सुमारे अडीच मीटर उंचीत आणि चौदा टनांत तोफ, क्षेपणास्त्र, पोहण्याची क्षमता आणि जवान बसवताना जागेची काटकसर झाली, ती या लोकांच्या वाट्याची.

बीएमपीची जागा घेणाऱ्या वाहनाची चर्चा आपल्याकडे अनेक वर्षे चालू आहे. तोफेचा व्यास, इंजिनाची ताकद, क्षेपणास्त्राचा पल्ला यांवर भरपूर बोलले जाते. तळाबद्दल फार कमी. खरी अडचण तिथेच आहे. ट्रॅकच्या अनेक वाहनांत सस्पेन्शनचे टॉर्शन बार तळातून आडवे जातात, त्यामुळे तळाला स्फोट बाजूला वळवणारा व्ही आकार द्यायला जागा उरत नाही. सस्पेन्शन बाहेर काढले तर तळ मोकळा होतो; शिवाय आसन छताला किंवा बाजूला टांगता येते आणि पाय पत्र्यावरून उचलता येतात. अर्जुन रणगाड्यासाठी हायड्रोगॅस सस्पेन्शन आपणच विकसित केले आहे. तेव्हा हे आपल्याला जमणारे काम आहे.

आराखडा गोठवण्याआधी प्रत्येक रचनाकाराने पूर्ण सरंजामासह, हॅच लावून, भर उन्हाळ्यात मागच्या आसनावर चार तास बसावे आणि मग दारातून उतरून धावावे, अशी आमची विनंती आहे. कार्यशाळांतल्या वाचकांनाही एक सांगणे: तुमच्याकडे येणाऱ्या वाहनांत जवानांनी स्वतःहून काय बांधले, काय कापले, काय काढून टाकले, याची नोंद ठेवा आणि गोपनीयतेच्या चौकटीत ती आराखडा करणाऱ्यांपर्यंत पोहोचवा.